समोरच्या खाटेवरून शिकलेलं विणकाम

ज्यांच्या घरी नुकतंच कुणाच्या तोंडून रक्त पडलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचं मला काही कळत नाही, ते डॉक्टरांना विचारावं. मला कळतं ते एवढंच, की या दुखण्यात माणूस आधी आतून बधिर होतो आणि मग त्याला तेच बरं वाटायला लागतं. मी दोन पावसाळे तशी होते. त्यातून बाहेर कशी आले ते सांगते, आणि सांगायचं तर हलिमाबद्दल सांगावं लागेल.

फुंकणी

आमचं बिऱ्हाड तेव्हा लोधिवलीला होतं. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि सहा वर्षांची कमळ. त्या दिवशी लाकडं ओली होती म्हणून मी चूल फुंकत होते. खोकला आला, आणि फुंकणी तोंडापासून काढली तर तिच्या तोंडाला लाल. मला भीती वगैरे वाटली नाही. पहिला विचार आला तो असा, की ही फुंकणी आता सासूबाईंच्या हातात कशी द्यायची.

यांनी कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाठीवर बोटं वाजवली, मला बाहेर बसवलं आणि यांच्याशी बोलले. यांचा चेहरा पाहून मला कळलं. बैलगाडीने परत निघालो. चौकच्या अलीकडे उतारावर गाडीवानाने विचारलं, "मास्तर, बाईंना बरं हाय ना?" हे म्हणाले, "आहे." मला हसू आलं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं एका दमात ठरवलं. मला इस्पितळात ठेवायचं, आणि गावात सांगायचं की सुमती नागपूरला भावाकडे गेली. क्षयाचं नाव निघालं तर शाळेत पोरं यायची नाहीत, आणि पुढे कमळला कुणी करून घेणार नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कमळलाही नागपूरच सांगितलं. निघताना तिला जवळ घ्यायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते. मी घेतलं नाही. तिने ओटीवरून विचारलं, नागपूरला आगगाडीने किती वेळ लागतो. मी म्हटलं, खूप. आणि गाडीत बसले.

नागपूर कसलं, माथेरानच्या डोंगराला वळसा घातला की पलीकडे कर्जत. संध्याकाळी त्या डोंगरामागे सूर्य जायचा तेव्हा मला ठाऊक असायचं की आपलं घर त्याच्या पलीकडच्या अंगाला आहे.

टेकडीवर

इस्पितळ टेकडीवर होतं. बायकांसाठी एक लांब व्हरांडा, तिन्ही बाजूंनी उघडा. खाटांच्या दोन रांगा, समोरासमोर, पाय मध्ये आणि डोकी बाहेर. प्रत्येकीचा खोकला रानाकडे जावा म्हणून तशी मांडणी. दिवसभर पडून राहायचं. हात उशीखाली घ्यायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही, दुसरीच्या खाटेवर बसायचं नाही. थुंकायला झाकणाचं भांडं. दूध, भात, पुन्हा दूध. आणि रोज एक अंडं.

अंडं मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. पहिल्या दिवशी ते वाटीत बघत राहिले. तेव्हा समोरच्या खाटेवरून आवाज आला, "खा गं मास्तरीण. तुज्या देवानं इचारलं तर माजं नाव सांग. आमच्यात चालतं."

ती हलिमा. कर्जतच्या बाजारात तिच्या नवऱ्याची कोळशाची वखार होती. माहेर खालापूरचं. उंच, नाकेली, गालांची हाडं वर आलेली, पण डोळे असे की सिस्टरसुद्धा तिला ओरडून झाल्यावर हसायची. तिला मूल नव्हतं. ती इथे आल्यावर वर्षाच्या आत नवऱ्याने दुसरा निकाह केला. हे तिनेच मला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, त्याचा भात आता ती करील, आणि मीठ जास्त झालं तर शिव्याही तीच खाईल. मग तिने तोंड पलीकडे केलं.

मी अंडं खाल्लं. बरंही लागलं नाही, वाईटही लागलं नाही. त्या दिवसांत मला कशाचीच चव नव्हती.

विणकामाचा वर्ग

ज्यांना ताप येत नाही अशांना दुपारी बसायची आणि हात हलवायची परवानगी मिळे. त्यांच्यासाठी मिशनची एक म्हातारी मडम आठवड्यातून एकदा यायची आणि लोकरीचं विणकाम शिकवायची. ती मधल्या वाटेत उभी राहून सुया वर धरायची, दोन टाके घालून दाखवायची, आपल्या मराठीत "असे, असे" म्हणायची आणि गुडघे दुखतात म्हणून लवकर निघून जायची. उरलेला आठवडा आम्ही एकमेकींकडे बघून शिकायचं.

आता एकमेकींकडे बघायचं म्हणजे समोरच्या खाटेकडे. शेजारीण दिसायची नाही, कारण शेजारी मान वळवली की सिस्टर म्हणे तिच्या तोंडावर खोकू नका. हलिमाला मडमने शेजारी उभं राहून, हात धरून शिकवलं होतं, तेव्हा ती उजव्या हाताची. मी हलिमाकडे बघून शिकले. आरशात बघून वेणी घालावी तशी मी तिची नक्कल करत गेले आणि डावखुरी झाले. माझ्या तिरप्यात समोर कुणा सावळाराम गुरवाची म्हातारी आई होती, ती माझ्याकडे बघून शिकली आणि पुन्हा उजवी झाली. काही महिन्यांनी मडमने नीट पाहिलं तर व्हरांड्याची एक अख्खी रांग उजवी आणि दुसरी अख्खी डावखुरी. तिने कपाळाला हात लावला. आमच्या रांगेला सरळ करायचा तिने प्रयत्न केला, पण आमचे हात बसले होते. शेवटी ती म्हणाली, लोकरीला कळत नाही, चालू द्या.

त्या दिवशी सगळ्या हसल्या. हसण्याने खोकला आला आणि खोकल्याने सिस्टर. मी हसले नाही. हलिमाने ते बघितलं.

लोकर बाहेर जात नसे

विणकामाचा एक नियम होता, आणि तो पहिल्याच दिवशी सांगायचे, म्हणजे मागून रडारड नको. आत आलेली वस्तू बाहेर जायची नाही. घरून तुम्हाला काहीही येऊ शकतं, पण तुमच्या हातचं काही घरी जाणार नाही. त्यामुळे जे विणलं ते महिनाअखेरी उसवायचं, लोकरीला गंधकाची धुरी द्यायची, उन्हात टाकायची, आणि तीच लोकर पुन्हा वाटायची. माझ्या वाट्याला आलेली तपकिरी लोकर माझ्या आधी कितीजणींनी विणली होती देव जाणे. त्यातल्या काही घरी गेल्या, काही टेकडीखालच्या ओढ्याकडे. ते विचारायचं नसे.

बहुतेक बायका पट्ट्या विणत. मी कमळच्या मापाचा झबल्यासारखा अंगरखा विणायला घेतला. माप माझ्या हातांना ठाऊक होतं. महिनाअखेरी तो उसवला. पुन्हा घेतला, या खेपेला जरा मोठा, कारण ती वाढली असणार. पुन्हा उसवला. कुणी म्हणेल केवढं हे दुःख. मला दुःख नव्हतं. हात चालत होते, डोकं रिकामं होतं, दुपार संपत होती. मला तेवढं पुरत होतं.

हे महिन्यातून एकदा येत. व्हरांड्याच्या खाली उभे राहून बोलत. एकदा आले ते पायातल्या वहाणेकडे बघतच. कमळची खबर विचारली तर म्हणाले, बरी आहे, हल्ली फार बोलत नाही. मग म्हणाले, आई पेणकडची एक मुलगी बघते आहे. घरात बाईमाणूस हवं असं तिचं म्हणणं आहे.

मी म्हटलं, "बघा."

ते गेले. मी सुया उचलल्या आणि ओळ पुरी करायला लागले.

"बगा?" हलिमा समोरून म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. "असं कसं बगा? म्हैस घ्यायचीय काय?"

मी म्हटलं, तुझ्यावर सवत आली तेव्हा तू तरी काय केलंस.

ती उठून बसली. एवढ्या वेगाने उठायला तिला मनाई होती. "मला इचारलं नव्हतं गं. मला निकाह झाल्यावर कळलं. तुला तो माणूस इचारायला आला. उनातानात डोंगराला वळसा घालून इचारायला आला, आन् तू बगा म्हनतेस. तुला पोर हाय. माज्याजवळ काय हाय? तू मेलीस काय? अजून नाय ना?"

एवढं बोलून तिला धाप लागली. सिस्टर धावली. त्या श्रमाने तिला दोन दिवस ताप चढला आणि वर्गातून नाव कमी झालं. ते दोन दिवस समोरच्या खाटेवर हात हलत नव्हते, आणि मला विणता येईना. मला वाटत होतं मी आता तिच्याकडे बघत नाही, माझं मला येतं. तसं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी सिस्टरला सांगून यांना निरोप पाठवला. निरोप एवढाच, की पुढच्या खेपेची वाट न बघता या. हे आले. मी म्हटलं, मला घरी यायचं आहे. मी बरी होणार आहे. ती मुलगी आणू नका. माझा आवाज मलाच परका वाटला, आणि खरं सांगायचं तर तसं म्हणताना माझ्या मनात काही हललं नाही. हलिमाने म्हणायला लावलं म्हणून म्हटलं. यांनी मान हलवली. होकार की नकार ते कळलं नाही. मास्तर माणूस वर्गात तासभर बोलेल, आईसमोर अर्धं वाक्य पुरं व्हायचं नाही.

हलिमाची वाट

हलिमा माझ्या आधी बरी झाली. छाती स्वच्छ झाली असं डॉक्टर म्हणाले, तरी दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. जाताना तिने मला कमळचं माप विचारलं. मी हातानेच दाखवलं. तिची खाट दोन दिवस रिकामी होती, मग तिथे खोपोलीची एक मुलगी आली. ती माझ्याकडे बघून विणायला शिकली.

पुढल्या खेपेला हलिमा दाखवायला आली तेव्हा व्हरांड्याखाली, जिथे हे उभे राहत, तिथे उभी राहिली. अंगावर मांस आलं होतं. नवऱ्याच्या घरी ती गेली होती, पण जास्त दिवस माहेरीच राहायची. आणि कर्जतहून खालापूरला जाताना वाट थोडी वाकडी करून भावाच्या गाडीतून तीन वेळा लोधिवलीला गेली होती.

तिने हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातली सुई थांबली.

पहिल्या खेपेला ती आमच्या अंगणात गेली आणि सासूबाईंना म्हणाली, मी मुलींना लोकरीचं विणकाम शिकवते, तुमच्या नातीला शिकवू का, पैसे नको. आजकाल मुलगी बघायला येणारे विणकाम विचारतात हे सासूबाईंना ठाऊक होतं. त्यांनी हो म्हटलं, पण मुसलमानीण म्हणून ओटीवर घेतलं नाही. हलिमा अंगणात पाटावर बसली आणि कमळ ओटीच्या काठावर, तिच्या समोर.

"मंग काय झालं असंल?" हलिमा म्हणाली. "समोर बसून शिकली. तुजी पोर डावखुरी झाली."

मी विचारलं, बोलली का काही.

आधी नाही, असं तिने सांगितलं. पहिल्या दोन खेपांना कमळ एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या खेपेला सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या, तेव्हा तिने हळूच विचारलं की नागपूर केवढं लांब आहे. हलिमाला खोटं बोलवलं नाही. ती म्हणाली, "तुजी आय नागपूरला नाय. ह्या डोंगराच्या पलीकडं हाय. आजारी हाय, बरी होऊन येनार हाय. कुनाला बोलायचं नाय." कमळने मान हलवली आणि कुणाला बोलली नाही. सहा-सात वर्षांच्या पोरीने ते कसं पोटात ठेवलं मला माहीत नाही.

मी हलिमाला रागावले. सासूबाईंना कळलं तर तुला अंगणात पाऊल टाकू देणार नाहीत, शिवाय तू इथली आहेस हे कळलं तर केवढा गहजब होईल, असं म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, रागावलीस ते बरं झालं, दीड वर्षात पहिल्यांदा रागावलीस.

परत

माझी छाती स्वच्छ व्हायला पुढचा अख्खा पावसाळा गेला. न्यायला हे आले. येताना मला माहीत नव्हतं की गाडी लोधिवलीला जाणार की दुसरीकडेच कुठे. चौकचा फाटा आला आणि गाडी घराकडे वळली. तेव्हा हे म्हणाले, "मी आईला नाही म्हटलं." पेणच्या मुलीबद्दल ते एवढंच बोलले, आजवर तेवढंच.

सासूबाईंनी माझी सोय पडवीत केली होती. खाट, वेगळं ताट, वेगळा तांब्या. कमळला बजावलं होतं की उंबरा ओलांडायचा नाही. त्यांचा राग मला आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. कमळ माजघरात खांबाला टेकून उभी होती. उंच झाली होती. मी मनात धरलेलं माप तिच्या कोपराशीही पोचलं नसतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं आता काहीतरी वाटायला हवं. पण काही वाटलं नाही. ही कुणाची तरी शहाणी मुलगी आहे असं वाटलं. दोन वर्षं जिच्यासाठी विणलं ती ही नव्हती. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

दुपारी सासूबाई माझं ताट ठेवायला आल्या आणि जरा थांबल्या.

"ती विणकामवाली," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचीच ना?"

मी ताट पुढे ओढलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जिना चढल्यासारखी बोलते, मधे दम घेते. तुझे मामेसासरे याच दुखण्याने गेले, मी त्यांना वर्षभर ऐकलं आहे." त्यांनी तांब्या सरळ केला. "पण पोर महिनामहिना बोलत नव्हती. जेवत नव्हती. मग म्हटलं, येऊ दे."

आणि त्या आत गेल्या.

संध्याकाळी कमळ उंबऱ्याच्या आतल्या बाजूला येऊन बसली. मांडीत लोकरीचं काहीतरी होतं. ती विणायला लागली, तेव्हा ते मांडीतून खाली घरंगळलं आणि घरंगळतच राहिलं. पट्टी होती. चार बोटं रुंद आणि लांबीला माजघराच्या अर्ध्यापर्यंत. मी विचारलं, हे काय आहे. तिने दोन टाके घातले आणि मग वर न बघता म्हणाली, "हे संपवायचं कसं? हलिमाचाचीला येत नाही. तुला येतं?"

मी विचार केला. मडमने टाके घालायला शिकवलं होतं, वाढवायला, कमी करायला. बंद करायला कधी शिकवलं नव्हतं. सगळं उसवायचंच असायचं, मग बंद कशाला करायचं? त्या व्हरांड्यातल्या एकाही बाईला विणकाम संपवता येत नव्हतं. त्यातल्या एकीने माझ्या मुलीला शिकवलं, आणि माझी मुलगी महिनोन्महिने एकच पट्टी विणत बसली होती.

मला तिला काहीतरी देता यावं असं फार वाटलं. पण खरं तेच सांगितलं. "नाही. मलाही येत नाही."

आता ती उठून जाईल असं मला वाटलं. मला भीती वाटली. साधी भीती, जी फुंकणीच्या वेळी वाटली नव्हती, पेणच्या मुलीच्या वेळी वाटली नव्हती.

कमळने पट्टी गोळा केली आणि उंबरा ओलांडून माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसली. पट्टीचं दुसरं टोक माझ्या मांडीवर ठेवलं.

आतून सासूबाईंनी हाक मारली, "कमळे, आत ये."

"थांब गं आजी," कमळ म्हणाली, "आई आणि मी हे कसं संपवायचं ते बघतोय."

सासूबाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. थोड्या वेळाने त्या कंदील घेऊन आल्या आणि तो उंबऱ्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला ठेवून गेल्या. त्या उजेडात मी रडत होते ते दोघींनाही दिसलं. कमळने विचारलं, दुखतंय का. मी म्हटलं, हो.